जिन्याचा वाटा

रॉक ऐकणारी माणसं जमली की फार वेळ न जाता गोष्ट ड्रमरवर येते. कोण मोठा, कोणाचा हात जड, कोणाचा हलका. मग कुणीतरी लेड झेपेलिनचा चौथा अल्बम काढतो, त्यातलं शेवटचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' लावतो आणि पहिल्या काही ठोक्यांतच वाद मिटतो. जॉन बॉनमसारखा कोणी नाही यावर एकमत होतं. मला ते मान्यच आहे. फक्त त्या ठोक्यांमध्ये बॉनमच्या बरोबरीनं एका जिन्याचा वाटा आहे आणि तो कोणी धरत नाही, एवढीच माझी तक्रार.

तो जिना हेडली ग्रेंज नावाच्या घरातला. इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात १७९५ साली गोरगरिबांच्या आसऱ्यासाठी बांधलेली ही तीन मजली वास्तू. १९७०-७१च्या हिवाळ्यात झेपेलिनची मंडळी तिथं मुक्कामाला गेली. रोलिंग स्टोन्सनी एका ट्रकमध्ये अख्खा स्टुडिओ बसवून घेतला होता. तो भाड्यानं आणून दाराशी उभा केला आणि तारा घरात ओढल्या. बॉनमचा नवा ड्रमसेट आला, तो जिन्याच्या पायथ्याशी, खालच्या मोकळ्या चौकातच मांडला गेला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं दोन मायक्रोफोन जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून खाली सोडले. एवढंच. एरवी ड्रम रेकॉर्ड करायचे तर जवळजवळ प्रत्येक नगाला वेगळा माइक लावतात, तोही वीतभर अंतरावर; बास ड्रमच्या तर पोटातच ठेवतात. इथं पायथ्याशी पडलेला ठोका वर चढायचा, भिंतींवर, पायऱ्यांवर, छतावर आपटायचा आणि हे सगळं गोळा करून त्या दोन माइकांपर्यंत पोहोचायचा. पुढे त्यावर कॉम्प्रेसर चालवला. हे यंत्र मोठ्या आवाजाला दाबतं, त्यामुळे मागे रेंगाळणारा बारीक आवाज आपोआप वर येतो. शिवाय बिन्सन कंपनीच्या इको-यंत्रानं ठोक्यामागे आणखी एक ठोका जोडला. आता ते गाणं पुन्हा लावा आणि ठोक्याकडे लक्ष न देता दोन ठोक्यांच्या मधल्या जागेकडे द्या. तिथं घर ऐकू येतं.

१९८६मध्ये बीस्टी बॉइज या न्यूयॉर्कच्या रॅप गटानं आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यासाठी हा तुकडा जसाच्या तसा उचलला. न्यूयॉर्कमध्ये चांगले ड्रमर पैशाला पासरी मिळाले असते. जिना मिळाला नसता.

मला सांगायचं आहे ते यातूनच निघतं. रेकॉर्डवर आधी जागा उतरते आणि गाणं त्या जागेचं अंग घेऊनच आपल्यापर्यंत येतं. आवडता अल्बम, एखादा गाजलेला कार्यक्रम आणि घरी बसून केलेलं रेकॉर्डिंग या तीन गोष्टी आपण वेगवेगळ्या खणांत ठेवतो, त्यांवर वेगवेगळ्या गप्पा मारतो. पण तिन्हींत आपल्याला धरून ठेवणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. हे विधान असंच गिळू नका. सावकाश उलगडून बघू.

सुरुवात टाळीपासून करू. आपल्या खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर या वेगानं सुटतो. दहा फुटांवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. इतक्या कमी अंतरानं आलेले दोन आवाज कान वेगळे मोजत नाही. मूळ टाळी आणि भिंतीची टाळी मिळून त्याला एकच टाळी ऐकू येते. फक्त ती जाड होते, किंवा टणक, किंवा डबा वाजल्यासारखी पोकळ. हे कधीच एका भिंतीवर थांबत नाही. सहा बाजूंनी, मग त्यांच्याही परतफेडी, असं करत आवाज विरतो. आपला मेंदू या सगळ्याचा हिशेब गुपचूप लावून टाकतो. स्वयंपाकघरात बोलणारी आई आणि बाथरूममधून ओरडणारा भाऊ यांचे आवाज किती निराळ्या घडणीचे झालेले असतात, हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण माणूस ओळखीचा आणि आपणही त्याच घरात. माइकला मेंदू नसतो. त्याला मिळते ती हलणारी हवा, आणि हवा सगळंच आणून देते. म्हणून मोबाइलवर केलेलं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून माणूस दचकतो: माझी खोली एवढी घुमते?

खोली किती घुमते हे मोजायला एक तरुण मास्तर कामाला आला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची इमारत नवी उभी राहिली आणि तिच्यातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं एक वाक्य धड कळेना. बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास तिथंच फिरत राहायचा. तोवर पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन पडायचे. हे दुरुस्त करायचं काम भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वॉलेस सॅबिनकडे आलं. त्याच्याजवळ साधनं काय, तर ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तो आणि त्याचे मदतनीस रात्री वाहून आणायचे, व्याख्यानगृहात मांडायचे, नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते टिपायचे आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचे. रात्रच का, तर दिवसा रस्त्याचा गलका. यातून त्याचं सूत्र निघालं: घुमणं खोलीच्या आकारमानाबरोबर वाढतं आणि आतल्या वस्तू जेवढा आवाज शोषतात तेवढं कमी होतं. १९००मध्ये उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्याच्या सल्ल्यानं बांधला गेला.

या प्रयोगांतली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. गाद्या मोजता मोजता सॅबिननं माणसंही मोजली. बसलेला प्रत्येक माणूस आवाजाचा एक वाटा शोषून घेतो. म्हणजे रिकामं सभागृह आणि भरलेलं सभागृह या ध्वनीच्या हिशेबात दोन वेगळ्या वास्तू झाल्या. कार्यक्रमाला गेलेला श्रोता टाळ्या वाजवण्याआधीच, नुसता बसल्या बसल्या, त्या रात्रीच्या आवाजाची घडण बदलत असतो. लाइव्ह रेकॉर्डिंगकडे वळताना हे लक्षात ठेवू.

मधल्या काळात स्टुडिओवाल्यांचं जागेशी जे काही चाललं होतं ते गमतीचं आहे. आधी त्यांनी जागा वेगळी काढली. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत एक रिकामी खोली केवळ घुमण्यासाठी ठेवलेली होती. तिच्यात सांडपाण्याचे मोठे चकचकीत नळ उभे केलेले. गायकाचा आवाज त्या खोलीतल्या स्पीकरवर वाजवायचा, नळांमधून फिरून आलेला आवाज तिथल्या माइकनं उचलायचा आणि रेकॉर्डवर थोडासा मिसळायचा. म्हणजे बीटल्सच्या कित्येक गाण्यांत आपण सांडपाण्याच्या नळांचं कौतुक करत आलो आहोत. सत्तरच्या दशकात वारं फिरलं. स्टुडिओच्या भिंतींना गालिचे लागले, ड्रमवर कापड आलं, जागा पुसून टाकायची फॅशन आली. तिला कंटाळून ह्यू पॅडगम या ध्वनिमुद्रकानं लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओच्या दगडी खोलीत पीटर गेब्रिएलच्या १९८०च्या अल्बमसाठी फिल कॉलिन्सचे ड्रम घेतले. वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी टांगलेला एक साधा माइक चुकून चालू राहिला होता, त्यातून दगडी खोली गर्जत आली. पॅडगमनं ती गर्जना ठेवली आणि ती विरायच्या आतच मध्येच छाटून टाकली. पुढच्या वर्षी आलेल्या कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये ड्रम अचानक कोसळतात तो हाच आवाज. पुढची दहा वर्षं जगभरच्या रेकॉर्डांनी त्याची नक्कल केली. मला स्वतःला तो फारसा मानवत नाही. दार उघडून खोली दाखवायची आणि तोंडावर आपटायचं, असा तो प्रकार आहे.

आता कार्यक्रमांकडे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेटफुल डेड या बँडचे चाहते कार्यक्रमाला येताना माइक, काठी आणि टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. बँडनं त्यांना हाकललं नाही. १९८४च्या ऑक्टोबरपासून तर त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली. नियम एकच: पैशाचा व्यवहार नाही. कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवला की देशाच्या दुसऱ्या टोकाचा अनोळखी माणूस प्रत काढून द्यायचा. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, आणि प्रत्येक पिढीला टेपची खरखर थोडी वाढलेली. त्यामुळे कॅसेटच्या पुठ्ठ्यावर तारीख, सभागृह आणि गाव यांच्याबरोबरच ही कितव्या पिढीची प्रत आणि आवाज कुठून घेतला, हेही लिहिलेलं असायचं.

आवाज कुठून घेतला, यावर या मंडळींत कायमचे दोन तट. एक साउंडबोर्डवाले. मिक्सरमधून थेट तार जोडून घेतलेली टेप: गाणं स्वच्छ, शब्द न् शब्द स्पष्ट, कुणाचा खोकला नाही. दुसरे श्रोत्यांतून केलेल्या टेपवाले: सभागृहात माइक उभा करून जे आलं ते. वरवर बघता पहिल्या तटानंच जिंकायला हवं. पण साउंडबोर्डच्या टेपेत एक खोट असते. मिक्सरपाशी बसलेला माणूस रेकॉर्डिंगसाठी मिसळत नाही, समोरच्या सभागृहासाठी मिसळतो. गिटारचा ॲम्प्लिफायर मंचावरूनच कान फाडत असेल तर तो गिटार मिक्सरवर कमी ठेवतो. सभागृहात दोन्ही मिळून बरोबर ऐकू येतं. तारेतून मात्र फक्त अर्धं येतं: गायक पुढे, गिटार कुठेतरी मागे, आणि सगळे जण जणू कपाटात उभे राहून वाजवताहेत. उलट श्रोत्यांतल्या टेपेत शेजारच्याची बडबड असते, टाळ्यांनी चार ओळी गिळलेल्या असतात, पण गाणं आपल्या पूर्ण अंगानिशी येतं. शेवटी चाहत्यांनी काय केलं? एकाच रात्रीच्या दोन्ही टेपा सेकंदाला सेकंद जुळवून एकत्र मिसळायला सुरुवात केली. स्वच्छ टेप हातात असताना तिच्यात मुद्दाम सभागृह ओतायचं, आणि हे करणारे कोण, तर आवाजाच्या शुद्धतेपायी रात्र रात्र जागणारे लोक! माझ्या म्हणण्याला यापेक्षा मोठा पुरावा मला सापडलेला नाही.

डेडच्या हजारो टेपांत चाहते वारंवार वर काढतात ती ८ मे १९७७ची, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली. कवायतीसाठी बांधलेला हा प्रचंड हॉल, आणि बाहेर मे महिन्यात बर्फ पडत होता. बेटी कँटर या बँडच्याच ध्वनिमुद्रक बाईंनी ती रात्र टेपवर घेतली. पुढे वर्षानुवर्षं ती हातोहात फिरली, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत तिचा समावेश केला आणि २०१७मध्ये ती रीतसर प्रकाशित झाली. चांगल्या रात्री डेडच्या आयुष्यात पुष्कळ होत्या. हीच सर्वोत्तम की नाही यावर भांडणं चालूच आहेत, आणि चालू राहोत.

द हू या इंग्लिश बँडनं १४ फेब्रुवारी १९७०ला लीड्स विद्यापीठाच्या मेसमध्ये केलेला कार्यक्रम 'लाइव्ह ॲट लीड्स' म्हणून आला. होय, विद्यार्थ्यांच्या जेवणघरात. त्याच्या आदल्या वर्षी बॉब डिलनच्या तळघरातल्या आणि इतर टेपांवरून चोरून छापलेली 'ग्रेट व्हाइट वंडर' नावाची तबकडी साध्या पांढऱ्या वेष्टनात विकली गेली होती. रॉकमधली पहिली गाजलेली चोरटी रेकॉर्ड ती. द हूनी आपल्या अधिकृत रेकॉर्डचं वेष्टन मुद्दाम तसंच साधं केलं: खाकी पुठ्ठा, त्यावर शिक्क्यानं मारल्यासारखं नाव. लेबलवर सूचना अशी की करकर ऐकू येते ती ठीक आहे, दुरुस्त करायला जाऊ नका.

याच्या उलटही घडतं हे सांगितलं पाहिजे. किस या बँडचा १९७५चा 'अलाइव्ह!' हा लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत बराच दुरुस्त केला होता, हे त्याच्या निर्मात्यानंच पुढे मान्य केलं. थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'मध्ये किती भाग खरा आणि किती नंतर भरलेला, यावर निर्माता आणि बँड यांची तोंडं कायम दोन दिशांना. फसवणूक आहेच. पण बघा, दुरुस्त करताना गाणी वाजवली पुन्हा. गर्दी मात्र ठेवली, वाढवलीही. ऐकणाऱ्याला काय हवं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुंबईकरांना प्रश्न पडेल की मग रंगभवनाचं काय? धोबीतलावच्या त्या उघड्या नाट्यगृहात एका पिढीनं रॉक ऐकला, 'इंडिपेंडन्स रॉक'च्या रात्री काढल्या. तिथं छत नव्हतं. आवाज वर गेला तो गेला, परत येत नसे. अशा ठिकाणी जागेचं काम माणसंच करतात. त्यांच्या अंगांनी आवाज शोषला जातो आणि त्यांच्याच गळ्यांतून तो परत येतो. ज्यांनी हिंदुस्थानी संगीताच्या खासगी मैफलींची जुनी स्पूलं ऐकली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथं समेवर आलेली दाद काढून टाकली तर सम अर्धी राहते.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर फोर्टात जाऊ. फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. जानेवारी १९६८मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन तिथं 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायला आला. सरोदला आशिष खान, तबल्याला महापुरुष मिश्र, संतूरला शिवकुमार शर्मा, बासरीला एस. आर. केंकरे. स्टुडिओत यंत्र एकाच ट्रॅकचं, मोनो. कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र रेल्वेनं आणवलं. ॲबी रोडवर वाढलेल्या माणसाला हा सगळा प्रकार नवाच. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर आणि आवाज अडवायची सोय नावाला नाही. हॅरिसननंच पुढे सांगितलं आहे की नीट कान दिला तर रेकॉर्डवर खालून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांमुळे काम थांबवावं लागायचं.  त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'चा वाद्यांचा भाग मुंबईत रेकॉर्ड झाला. लंडनला नेऊन त्यावर त्यानं आवाज चढवला आणि मार्च १९६८मध्ये ते गाणं बीटल्सच्या 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघालं. तबकडीच्या एका बाजूला ॲबी रोड, दुसऱ्या बाजूला फोर्ट. तेव्हा ती विकत घेणाऱ्या मँचेस्टरच्या पोराच्या घरात मुंबईची हवा पोहोचली होती, त्याला पत्ता नसला तरी.

राहिलं घरचं रेकॉर्डिंग. इथं उदाहरण द्यायचं तर ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'नेब्रास्का'खेरीज दुसरं सुचत नाही. पॉल मॅकार्टनीनं १९७०चा आपला पहिला एकट्याचा अल्बम बराचसा घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर केला होता, पुस्तकावर थापा मारून ताल दिला होता. पण तो घरी बसलेल्या श्रीमंत माणसाचा निवांतपणा आहे, आणि आवाजातही तो निवांतपणाच आहे. स्प्रिंगस्टीनचं तसं नव्हतं. न्यू जर्सीत कोल्ट्स नेक इथलं भाड्याचं घर, झोपायची खोली, तारीख ३ जानेवारी १९८२. गिटारांची देखभाल करणाऱ्या सहाय्यकानं त्याच्या सांगण्यावरून टीॲक कंपनीचं पोर्टास्टुडिओ आणलं होतं. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे घेणारं हे यंत्र १९७९मध्ये बाजारात आलं, आणि घरी बसून गाणं रचणाऱ्यांचं आयुष्य त्यानं बदललं. दोन एसएम ५७ माइक, गिटार, माउथऑर्गन. हेतू एवढाच की गाण्यांचा कच्चा खर्डा बँडला ऐकवायचा. मिसळण केली ती इकोप्लेक्स या इको-यंत्रातून काढून पॅनासॉनिकच्या टू-इन-वनवर, आणि तो टू-इन-वन एकदा नावेतून पाण्यात पडून निघालेला. तयार झालेली कॅसेट स्प्रिंगस्टीन डबीशिवाय जीन्सच्या खिशात घालून फिरत होता.

मग बँड बसला. न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत उत्तम वादक, उत्तम यंत्रं, आणि बहुतेक गाणी मात्र एकेक करून मान टाकत गेली. शेवटी खिशातली कॅसेटच छापायची ठरलं. ते सोपं नव्हतं. कॅसेटवरचा आवाज इतका क्षीण आणि विचित्र होता की त्यावरून तबकडी कापणं अनेक ठिकाणी जमेना; अखेर आवाजाची पातळी कमी ठेवून जमवलं. ३० सप्टेंबर १९८२ला अल्बम आला.

तो ऐकताना कुठली जागा ऐकू येते? खोली तर लहान, गालिचा घातलेली, जवळजवळ मुकी. म्हणून गाणारा तोंडाशी आल्यासारखा वाटतो. त्याचा श्वास, खुर्चीवरची हालचाल. आणि त्याच्या मागे इको-यंत्रानं उभा केलेला एक ओसाड पसारा. खून करून पळालेली पोरं, कर्जात बुडालेला कामगार, रात्रीच्या हायवेवर पोलिसाच्या दिव्याला घाबरणारा माणूस ही त्या गाण्यांतली माणसं अशाच दोन जागांमध्ये सापडलेली आहेत: मागे मोकळं आणि अंगाशी कोंडलेलं. बँड आला की ही कोंडी फुटत होती. १९८२च्या त्या बँडसह केलेल्या प्रयत्नांची रेकॉर्डिंगं २०२५मध्ये प्रसिद्ध झाली. ज्याला खात्री करायची आहे त्यानं लावून बघावीत. वाईट नाहीत. फक्त त्यांत माणसं एकटी नाहीत.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे कुठल्याही बेडरूममध्ये कसंही रेकॉर्ड केलं की झालं? अजिबात नाही, आणि उत्तर त्याच कॅसेटवर आहे. तिच्यावर 'बॉर्न इन द यूएसए' या गाण्याचाही खर्डा होता. खोलीत ते गाणं पडून राहिलं. पॉवर स्टेशनमध्ये बँडनं हात घातल्यावर ते उठून उभं राहिलं आणि १९८४मध्ये स्टेडियमं हलवून गेलं. एकाच कॅसेटवरची गाणी. बाकीच्या बऱ्याच गाण्यांना कोंदट खोली मानवली, याला मोठा हॉल लागला. जागा चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. या गाण्याची जागा कुठली, हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हे चाल बांधण्याइतकंच कलावंताचं काम आहे.

आपल्याकडे आता डोंबिवलीच्या वन-बीएचकेतला पोरगाही घरी रेकॉर्ड करतो. लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक. पोर्टास्टुडिओच्या मानानं त्याची साधनं कितीतरी वरची. तो काय करतो? पंखा बंद करतो, आईला कुकर लावू नको म्हणतो, भिंतीला ऑनलाइन मागवलेले फोमचे चौकोन चिकटवतो, नाहीतर कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गातो. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो, खालचा तसाच कोपऱ्यांत साचतो, म्हणून रेकॉर्डिंग डब्यातल्यासारखं येतं. मग तो सॉफ्टवेअर उघडतो आणि त्यावर युरोपातल्या एखाद्या चर्चचा रिव्हर्ब, म्हणजे घुमणं, घालतो. हेही शक्य आहे आता: खऱ्या वास्तूत फुगा फोडून किंवा ठरावीक आवाज वाजवून तिचं घुमणं मोजून ठेवतात आणि ते कुठल्याही आवाजाला लावता येतं. परिणाम असा की दोन्ही गाण्यांत, त्याच्या आणि बर्लिनमधल्या दुसऱ्या पोराच्या, तेच एक चर्च ऐकू येतं, आणि दोघांपैकी कोणीच तिथं गेलेला नसतो.

फोम घ्यायच्या आधी घरभर टाळ्या वाजवत फिरा, असं मी अशा पोरांना सांगतो. बाथरूमच्या फरशा, गादी असलेली खोली, जिना, गच्चीवरची पाण्याच्या टाकीखालची जागा, सगळीकडे. जुन्या चाळीचा लाकडी जिना मिळाला तर सोडू नका. दुपारी तीनला तिथं कोणी नसतं, असलं तर फार तर कोणी विचारेल काय चाललंय. गिटार एका खोलीत आणि माइक दुसऱ्या खोलीत ठेवून बघा, मध्ये दार अर्धवट उघडं. कुठं गाणं सैल पडतं, कुठं घट्ट होतं, ते कान लगेच सांगतात. आणि खालून टेम्पोचा हॉर्न आलाच, तर टेक फेकून देण्याआधी एकदा नीट ऐका. तो नको असेल तर पुन्हा घ्या. पण फोर्टातल्या टॅक्स्या आठवून मग ठरवा.

आणखी एक विनंती, ऐकणाऱ्यांना आणि रेकॉर्ड करणाऱ्यांना दोघांनाही. डेडच्या टेपवाल्यांकडून आपण एक सवय उचलू या. कुणाला गाणं पाठवाल, मग ते स्वतःचं असो की कुठल्या कार्यक्रमात मोबाइलवर घेतलेलं, तर फाइलच्या नावात नुसतं 'फायनल २' लिहून सोडू नका. तारीख लिहा, गाव लिहा, कुठल्या खोलीत किंवा हॉलमध्ये घेतलं ते लिहा, आणि माइक कुठं होता तेही.